साथीच्या काळातील घरांचे व्यवहार

धान्य, कापूस वा सोने यांचा सौदा दूरच्या पेढीवर हुंडी धाडून होऊ शकतो. घराचा व्यवहार तसा होत नाही. घेणाऱ्याने घर डोळ्यांनी पाहायचे, भिंतीला ओल आहे की नाही हे हाताने चाचपायचे, शेजारी कोण राहतो याची जिन्यात उभे राहून चौकशी करायची, मग विसार देऊन साठेखत करायचे, पुढे निबंधकाच्या कचेरीत साक्षीदारांसह रुजू होऊन अंगठा उमटवायचा आणि अखेरीस किल्ली हातात घेऊन ताबा मिळवायचा, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. यातील प्रत्येक पायरीवर माणसाला माणसाच्या निकट यावे लागते. आणि म्हणूनच जेव्हा माणसाचे सान्निध्य हेच भयाचे कारण होते, तेव्हा इतर धंदे मंदावतात, परंतु घरांचा धंदा जागच्या जागी थिजतो. मुंबई शहराने हा अनुभव सुमारे सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोनदा घेतला. पहिल्या वेळी प्लेगने आणि दुसऱ्या वेळी कोरोनाने या धंद्याला जे वळण दिले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता काही गोष्टी अशा दिसतात, की ज्या एकेका साथीचा स्वतंत्र विचार करताना नजरेतून निसटतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने. मांडवी हा त्या वेळी बंदरालगतचा व्यापारी मोहल्ला होता. खाली धान्याच्या वखारी आणि वर दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, अशी तेथील घरांची रचना. प्लेग उंदरावरील पिसवेमार्फत माणसाकडे येतो, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. पॉल लुई सिमों या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून ते दाखविले, तरी त्याच्या म्हणण्यावर वैद्यकविश्वाचा विश्वास बसण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोपर्यंत अधिकारी आणि वैद्य यांची बहुतांशी अशी धारणा होती, की रोगाचे बीज जमिनीत, ओलसर भिंतीत, अंधाऱ्या खोलीत आणि तुंबलेल्या मोरीत दडलेले असते. या धारणेचा परिणाम असा झाला की रोगी माणसाबरोबर त्याचे घरही आरोपी ठरले. घरांच्या व्यवहाराच्या दृष्टीने ही गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे, कारण माणूस बरा झाला म्हणजे त्याच्यावरील संशय फिटतो, घरावरील संशय मात्र सहजासहजी फिटत नाही.

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या हुकमाने, आणि मार्च १८९७ पासून ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग कमिटीच्या हुकमाने, या आरोपी घरांची जी झडती झाली, तिचे वर्णन त्या काळच्या छायाचित्रांतून आणि अहवालांतून आजही वाचावयास मिळते. बंबांनी समुद्राचे पाणी आणून जिने आणि खोल्या धुऊन काढल्या, कार्बोलिक आम्लाचे फवारे मारले, भिंतींना चुना फासला, आणि ज्या खोलीत ऊन पोहोचत नव्हते तिच्या छपराची कौले उतरवून ती आकाशाला खुली केली. रोगी सापडलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर गोल खुणा काढल्या जात. एकाच दारापाशी अशा अनेक खुणा दिसत. काही घरांवर तर ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरे रंगविण्यात येत, ज्यांचा अर्थ हे घर मनुष्यवस्तीस अयोग्य आहे असा होता. एखाद्या मिळकतीच्या किमतीवर याहून प्रभावी शेरा मुंबईच्या इतिहासात कोणत्याही अंमलदाराने मारला नसेल. मामलेदाराच्या दप्तरातील बोजाची नोंद वाचण्यासाठी निदान दप्तर उघडावे लागे. हा बोजा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येत होता. अशा स्थितीत भाडेकरूंनी आजारी माणसे लपविली आणि मालकांनी त्याकडे डोळेझाक केली, याचे नवल वाटू नये. रुग्णालयाची भीती, पडद्याची आणि जातिधर्माची चाड, या कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु छपराखालून उठविले जाण्याची भीतीही त्यांच्या जोडीला होती, याची नोंद इतिहासकारांनी जितकी घ्यावयास हवी तितकी घेतलेली दिसत नाही.

शहराने मग जे करावयाचे ते केले. म्हणजे ते पळाले. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. वाढत्या बंदराच्या आणि गिरण्यांच्या शहराची वस्ती दहा वर्षांनी कमी भरावी, ही असामान्य घटना होय. ज्यांना साधन होते ते माहीम, वांद्रे आणि साष्टी बेटावरील गावांकडे सरकले. ज्यांना गाव होते ते गावी गेले. आणि देशावरील अनेक गावांतून लोकांनी गावठाण सोडून शेतात, माळावर झोपड्या उभारून ऋतू काढला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून प्लेगच्या निवारणासाठी त्या काळी उभारलेले क्रूस अद्याप दिसतात, आणि ज्या मुलखात शहर पळून आले तेथेही भय पाठोपाठ आले होते, याची ती दगडी साक्ष आहे. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या कमिटीने लष्करी शिपायांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या, त्या वेळी प्रक्षोभ झाला तो केवळ सोवळ्याओवळ्याच्या कारणाने नव्हे. मालकाच्या पश्चात त्याच्या घराचे कुलूप तोडण्याचा आणि आतील चीजवस्तू बाहेर टाकण्याचा अधिकार परक्याच्या हाती जावा, हे मालकीच्या कल्पनेलाच धक्का देणारे होते. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, तिच्या मागे अनेक कारणांपैकी हे एक होते.

प्लेगच्या काळात सुरक्षित राहण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या, त्या मुख्यतः कागदी होत्या, आणि आपल्या पिढीला त्या चांगल्याच परिचित वाटतील. प्रवाशांची स्थानकावर तपासणी होई. त्यांना परवाने आणि दाखले बाळगावे लागत. हाफकिन यांनी तयार केलेली लस, जिचा प्रयोग त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःवर केला, ती टोचून घेतलेल्याला दाखला मिळे आणि त्या दाखल्याच्या बळावर सक्तीच्या विलगीकरणातून बरीचशी सूट मिळे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या लोकलचा पास काढण्यासाठी दोन मात्रांचे प्रमाणपत्र दाखविणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण पणजोबांच्या रांगेत उभे आहोत याची जाणीव होती, कोण जाणे.

साथीच्या धामधुमीतून जी एक गोष्ट टिकली आणि जिने मुंबईतील जमिनीच्या व्यवहाराचे स्वरूप कायमचे पालटले, ती म्हणजे १८९८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. लॉर्ड सँडहर्स्ट तेव्हा गव्हर्नर होते. घर हाच आरोपी असेल तर त्याला शिक्षा देणारे न्यायासनही हवे, अशा काहीशा तर्काने ही संस्था निर्माण झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दाट वस्ती संपादन करावी, पाडावी, समुद्राकडून वारा आत येईल असे रुंद रस्ते काढावेत, आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती बसवाव्यात, असा तिचा अधिकार होता. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते, नागपाडा आणि आग्रीपाडा येथील योजना, दादर, माटुंगा आणि शीव येथील वसाहती ही सर्व तिची निर्मिती. लोकनियुक्त म्युनिसिपालिटीला बाजूस सारून सरकारने आपल्या हुकमतीची संस्था उभी केली म्हणून फिरोजशहा मेहतांनी तिच्यावर कठोर टीका केली, आणि ती टीका बव्हंशी यथार्थ होती.

ट्रस्टच्या कारभारातील सर्वांत विलक्षण प्रकरण मात्र नुकसानभरपाईचे आहे. संपादन केलेल्या इमारतीचे मोल ठरविताना तिच्यापासून मिळणारे भाडे हा मोठा आधार मानला जाई, आणि तंटा झाल्यास तो निकालात काढण्यासाठी कायद्याने खास न्यायाधिकरण नेमले होते. आता ज्या चाळीत एकेका खोलीत दोन दोन कुटुंबे कोंबलेली, तिचे भाडे साहजिकच अधिक; म्हणजे जी इमारत आरोग्यदृष्ट्या जितकी घातक, तितकी तिच्या मालकाला मिळणारी भरपाई भरघोस. तिथून उठविलेल्या भाडेकरूच्या हाती मात्र पुष्कळदा काहीच पडत नसे. तो आपली पथारी घेऊन शेजारच्या गल्लीत जाई आणि तेथील गर्दीत भर घाली. ट्रस्टने चाळी बांधल्या हे खरे, तथापि पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या पुष्कळ काळ अपुऱ्याच राहिल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांच्यासारख्या प्रामाणिक अंमलदाराला ही विसंगती उमगली होती. त्यांनी सुचविलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हा त्या काळातील सर्वांत बुद्धिमान उपाय म्हणावा लागेल. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून अधिक असू नये, म्हणजे प्रत्येक खोलीच्या वाट्याला आकाशाचा काही तुकडा येतो, असा त्याचा सोपा भूमितीय आशय. रोगाचे कारण त्यांना नीटसे कळले नव्हते आणि तरीही उपाय योग्य निघाला. अंधाऱ्या आणि कोंदट खोल्यांचे खरे बळी क्षयाने जात होते, आणि तो रोग उजेडाला व वाऱ्याला खरोखरीच भितो.

या योजनांमुळे घर घेणाऱ्याच्या मनातील मोजमाप बदलले. पूर्वी गृहस्थ घर पाही ते पेढीजवळ, देवळाजवळ, जातभाईंच्या मोहल्ल्यात. आता तो हवा कोणत्या दिशेने येते हे विचारू लागला. दादर आणि माटुंग्याच्या आखीव रस्त्यांवर, मोकळी जागा सोडून बांधलेल्या मर्यादित उंचीच्या इमारतींतून, हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. मंचेरजी जोशी यांनी पारशी समाजासाठी ट्रस्टकडून १०३ भूखंड राखून घेतले, ते ९९९ वर्षांच्या पट्ट्याने. इतक्या दीर्घ मुदतीचा करार करताना उभय पक्षांनी कोणत्या भविष्याची कल्पना केली असेल, हा एक मनोरंजक प्रश्न आहे. १९१५ मध्ये तळमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि दलाल व घरमालक यांना टाळून मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन घरे बांधण्याची नवी रीत मुंबईत रूढ होऊ लागली. ट्रस्ट १९३३ मध्ये म्युनिसिपालिटीत विलीन झाला, परंतु प्लेगच्या भयाने आखलेला शहराचा नकाशा तसाच राहिला.

मधल्या काळाचा इतिहास प्रामुख्याने भाड्याच्या कायद्यांचा आहे आणि तो येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. १९१८ मध्ये महायुद्धाने भाडी चढली, त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाने शहर झोडपले, आणि त्याच वर्षी मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. गोठलेल्या भाड्यातून पागडी जन्मली. पागडी टाळण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट निघाली, १९७३ मध्ये तत्कालीन परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि १९९९ च्या कायद्याने असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे झाले. हे शेवटचे कलम २०२० साली अनपेक्षितपणे उपयोगी पडावयाचे होते.

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या प्रतिबंधासाठी जे नियम जारी केले, ते फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याखाली. मुंबईच्या प्लेगसाठी घाईने केलेला तो चार कलमांचा लहानसा कायदा सव्वाशे वर्षांनंतरही अंमलात होता आणि गरज पडताच पुन्हा बाहेर आला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. निबंधकांची कार्यालये बंद पडली आणि एप्रिल महिन्यात मुंबईत घरांच्या दस्तांची नोंदणी जवळजवळ थांबली. या वेळी आरोपीची जागा मात्र बदललेली होती. प्लेगच्या काळी घर घातक होते आणि माणसे त्यातून बाहेर पळाली. कोरोनाच्या काळी घर हा आश्रय झाला आणि बाहेरून येणारा माणूस संशयित ठरला. त्यामुळे सोसायटीचे फाटक हीच नवी जकात चौकी झाली. मोलकरीण, पेपरवाला आणि इस्त्रीवाला यांच्याबरोबर दलालही फाटकाबाहेर राहिला. घर दाखवायचे तर सेक्रेटरीची मंजुरी, वहीत नाव, कपाळावर तापमापक आणि नव्या भाडेकरूकडून तपासणीचा अहवाल, असे सोपस्कार जागोजाग सुरू झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर पाचांहून अधिक रुग्ण सापडलेली इमारत संपूर्ण मोहोरबंद करण्याचा हुकूम महापालिकेने काढला. भिंतीवरील गोल खुणांची जागा बांबूच्या अडसरांनी घेतली होती.

या अडचणीतून दलालांनी आपली रीत बसविली. मालकाने किल्ली चौकीदाराकडे ठेवायची, मालक व गिऱ्हाईक यांनी एकाच वेळी घरात असायचे नाही, एका वेळी एकच कुटुंब, दारे-खिडक्या आधीपासून उघड्या, वस्तूंना हात लावायचा नाही, आणि त्याही आधी भ्रमणध्वनीवरून चलच्चित्र दाखवून ज्यांना घर पसंत नाही त्यांची चाळणी करायची, अशी ती रीत होती. यातील पुष्कळ गोष्टी वस्तुतः नेहमीच्याच शिष्टाचारात मोडाव्यात. राहत्या माणसांच्या घरात दहा दहा परक्यांना एकाच सकाळी फिरवून आणण्याचा पूर्वीचा प्रघात असभ्य होता, आणि तो मोडण्यास महासाथ यावी लागली. गंमत अशी की प्रारंभी सर्वांची सावधगिरी कड्या, कुलपे आणि लिफ्टची बटणे पुसण्यावर खर्च होत होती, आणि बंद खोलीतील हवेतून रोग अधिक पसरतो ही गोष्ट मागाहून ठसली. प्लेगच्या काळी भिंती धुतल्या जात असताना उंदीर शेजारच्या घरात निघून जात होते, त्याचीच ही दुसरी आवृत्ती.

दस्ताच्या बाजूने पाहिले तर कायद्याची तयारी लोकांच्या समजुतीहून अधिक होती. १८७७ च्या नोंदणी कायद्यातून १९०८ च्या कायद्यात आलेल्या तरतुदींनुसार, ज्याला शारीरिक दुर्बलतेमुळे कचेरीत येणे धोक्याचे वा फार गैरसोयीचे आहे, त्याच्या घरी जाऊन निबंधकाने कबुली घ्यावी अशी सोय पूर्वापार आहे. दस्त निष्पादित झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करता येतो, ही मुदतही जुनीच. भाडेकराराची नोंदणी घरबसल्या, अंगठ्याच्या यंत्रावर आणि संगणकाच्या कॅमेऱ्यापुढे करण्याची सोय महाराष्ट्रात टाळेबंदीच्या काही वर्षे आधीपासून सुरू होती. जी तोवर केवळ सोय होती, ती टाळेबंदीत गरज झाली. खरेदीखतासाठी मात्र कार्यालयात जावेच लागे, म्हणून आधी वेळ ठरवून येण्याची पद्धत रुजली, आणि पक्षकारांनी क्षणभर मुखपट्टी खाली करून छायाचित्र द्यावे असा एक नवाच विधी त्या कचेऱ्यांतून पाहावयास मिळाला.

व्यवहाराला खरी गती आली ती मुद्रांकाच्या सवलतीने. १ सप्टेंबर २०२० पासून मुंबईतील मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर उतरले, ३१ डिसेंबरनंतर ते ३ टक्के झाले आणि मार्च २०२१ अखेर सवलत संपली. परिणामी डिसेंबर २०२० मध्ये एकट्या मुंबईत एकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. साथ संपलेली नसताना सवलतीच्या शेवटच्या तारखेने निबंधकांच्या दारी गर्दी लोटावी, हा विरोधाभास शासनाच्याही ध्यानात आला, आणि शुल्क डिसेंबरात भरून दस्त पुढील चार महिन्यांत नोंदवावा, अशी मुभा त्याने स्पष्ट केली. चार महिन्यांच्या ज्या जुन्या मुदतीचा उल्लेख वर आला, तिचाच हा उपयोग. बिल्डरांसाठी महारेराने प्रकल्प पूर्ण करण्याची मुदत सहा महिन्यांनी वाढविली, आणि दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा सहा महिन्यांनी. घेणाऱ्यांची पसंतीही बदलली: कामासाठी एक जादा खोली, एखादी गच्ची, आणि ज्यांना परवडले त्यांच्यासाठी कर्जत किंवा अलिबागकडे दुसरे घर. दादर-माटुंग्याच्या वेळी झाले होते तेच, फक्त अंतर वाढलेले. कोकणात तर उलटा प्रकार घडला: सामाईक घराचा हिस्सेदार असलेल्या चाकरमान्याला आपल्याच गावात आधी शाळेत विलगीकरणाचे दिवस काढावे लागले आणि मगच स्वतःच्या घराची कडी उघडता आली.

आणि भाडेकरू? १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाड्याची वसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची व या काळात कोणास घराबाहेर न काढण्याची सूचना केली. भाडे माफ झाले नाही. ते तुंबले, आणि ज्याची रोजीच गेली होती त्याला तुंबलेले भाडे फेडणे चालू भाड्याहून कठीण होते. म्हणून त्याने खोली सोडली आणि तो गावाकडे निघाला, पुष्कळदा पायीच. १८९८ च्या ट्रस्टने गर्दीच्या चाळीच्या मालकाला भाड्याच्या हिशेबाने भरपाई दिली. २०२० च्या शासनाने घर घेणाऱ्याला शुल्कात सूट दिली, बांधणाऱ्याला मुदत दिली. दोन्ही साथींत घरांचा व्यवहार सुरक्षित करण्याचे जे जे उपाय निघाले, ते ज्याच्या नावावर दस्त आहे त्याच्यापाशी येऊन थांबले. खोली भाड्याने घेणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या खेपेस पथारी आली आणि दुसऱ्या खेपेस एक सूचना.